अवाढव्य मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सव्वाशे-दीडशे बटणांचा कीबोर्ड स्वतः आखायला घेतलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न काहीच न बनवलेल्यांसाठी आहेत, शेवटचे काम अर्ध्यावर येऊन अडलेल्यांसाठी. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी १५० बटणांचा, सात ओळींचा आणि ३० युनिट (एक युनिट म्हणजे एका साध्या बटणाची जागा, प्रश्न ३ पाहा) रुंदीचा कीबोर्ड धरला आहे.

१. अवाढव्य म्हणजे नेमका केवढा? माझा १०४ बटणांचा कीबोर्ड त्यात येतो का?

नाही. १०४ बटणांचा तो 'फुल साइज'. त्याच्या पुढे जे काही आहे ते अवाढव्य. यातला जुना नमुना म्हणजे आयबीएमच्या टर्मिनलसाठीचा १२२ बटणांचा कीबोर्ड: वर दोन ओळींत २४ फंक्शन बटणं आणि डाव्या हाताला आणखी दहा. शौकीन लोक त्याला 'बॅटलशिप' म्हणतात. एमआयटीच्या लिस्प मशीन या संगणकाचा 'स्पेस कॅडेट' कीबोर्ड मोजायला गेलं तर १०० बटणांचाच होता, पण शिफ्टसारखी सात वेगवेगळी मॉडिफायर बटणं असल्यामुळे त्याचं नाव या यादीत नेहमी येतं.

बटणांची संख्या तीच ठेवून बटणंच मोठी करणं हा वेगळा उद्योग आहे. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

२. एवढी बटणं लागतात कशाला? लेअरवर, म्हणजे एकाच बटणाला दोन-तीन अर्थ देऊन, भागत नाही का?

भागतं. साठ बटणांवर आयुष्य काढणारे पुष्कळ आहेत. लेअरमध्ये मात्र बटणाचा अर्थ डोक्यात ठेवावा लागतो. मोठ्या कीबोर्डावर तो बटणावरच लिहिलेला असतो. रोज वापरायचे शॉर्टकट बोटांना आपोआप पाठ होतात, त्यांच्यासाठी वेगळं बटण लागत नाही. महिन्यातून दोनदा लागणारे आणि दर वेळी मेनूत शोधावे लागणारे आदेश ही या कीबोर्डाची खरी जागा. व्हिडिओ संपादन, कॅड, संगीत, लाइव्ह प्रक्षेपण अशा कामांत ते पटकन कळतं.

माझं मत विचाराल तर आधी वहीत आदेशांची यादी करा आणि मग बटणं मोजा. 'पुढे काहीतरी सुचेल' म्हणून ठेवलेली बटणं वर्षभराने पाहिली तर तशीच कोरी सापडतात.

३. लेआउट आखायला कुठून सुरुवात करू?

एका आकड्यापासून: १९.०५ मिलिमीटर. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यबिंदूंमधलं हे प्रमाणित अंतर, म्हणजेच 'एक युनिट'. बाकी सगळं याच्या पटीत येतं. फुल साइज कीबोर्ड साडेबावीस युनिट, म्हणजे सुमारे ४२९ मिलिमीटर. आपला तीस युनिटचा ५७१.५ मिलिमीटर, वर दोन्ही बाजूंची केसची, म्हणजे बाहेरच्या खोक्याची, कड.

कीबोर्ड लेआउट एडिटर या वेबसाइटवर बटणं मांडा आणि प्लेटचं (स्विच ज्या पत्र्याच्या भोकांत बसतात त्याचं) रेखाचित्र बनवणाऱ्या साधनात तोच मजकूर चिकटवून बाह्यरेषा काढा. मग ती छापा, एकास एक मापात. तुकडे चिकटवून कागद पुठ्ठ्यावर लावा, टेबलावर ठेवा आणि आठवडाभर त्याच्यासमोर बसून काम करा. हे टाळणारेच नंतर 'केस बदलायची आहे' म्हणून लिहितात.

पुठ्ठ्यावर दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, तर्जन्यांची एफ आणि जे ही बटणं छातीसमोर येतात का. संपूर्ण कीबोर्ड मध्यावर ठेवला आणि जादा रकाने सगळे एका बाजूला असले, तर अक्षरांचा भाग दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मनगटं तिरकी पडतात. दुसरी, माऊस कुठे गेला. उजवीकडे नंबरपॅड, त्यापलीकडे आणखी चार रकाने म्हटलं की माऊसपर्यंत हात लांबवून खांदा भरून येतो. उजव्या हाताने माऊस धरणाऱ्याने जादा रकाने डावीकडे आणि जादा ओळी वर घ्याव्यात. त्या जुन्या १२२ बटणांच्या कीबोर्डावरही जादा बटणं नेमकी डावीकडे आणि वरच आहेत.

वरच्या ओळींना मर्यादा आहे. मनगट न उचलता फार तर पाचव्या ओळीपर्यंत बोट जातं. सहावी-सातवी ओळ म्हणजे हात उचलून, नजर टाकून दाबायची बटणं. तिथे तसेच आदेश ठेवा.

४. पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) बनवून घेऊ की हाताने वायरिंग करू?

एकच नग बनवायचा असेल आणि लेआउटबद्दल थोडीही शंका असेल तर हाताने. दीडशे स्विच आणि दीडशे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) म्हणजे साडेचारशेच्या आसपास टाके झाले, वर वायरींचे वेगळे. काही संध्याकाळी जातील, पण एखादा रकाना हलवायचा झाला तर फक्त प्लेट नवीन लागेल.

पीसीबीचा फायदा नीटनेटकेपणा, हॉटस्वॅप सॉकेट (टाका न घालता स्विच बदलता येतो) आणि मजबुती. त्यासाठी कीकॅड हा बोर्ड आखायचा प्रोग्रॅम शिकावा लागतो आणि बोर्डाची लांबी आड येते: अर्ध्या मीटरपेक्षा लांब बोर्ड प्रत्येक कारखाना करत नाही. मग दोन बोर्ड करून मध्ये रिबन केबल टाकतात. सांधा बटणांच्या दोन रकान्यांच्या बरोबर मध्ये येईल, रुंद बटणाखाली येणार नाही, एवढं पाहा.

५. मॅट्रिक्स म्हणजे काय? तीस रकाने आणि सात ओळी म्हणजे ३७ पिन लागणार ना?

प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन दिली तर दीडशे पिन लागतील. म्हणून बटणं ओळी आणि कॉलमच्या जाळीत जोडतात. कंट्रोलर (कीबोर्डाची मुख्य चिप) एकेक ओळ निवडतो आणि कोणत्या कॉलमवर संकेत आला ते वाचतो.

पण विजेची जाळी दिसणाऱ्या मांडणीसारखीच असली पाहिजे असं काही नाही, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. ७ × ३० ला ३७ पिन लागतात आणि २१० जागा मिळतात, त्यातल्या साठ वाया. तीच बटणं १२ × १३ अशी जोडली तर २५ पिनांत १५६ जागा. म्हणजे समोर दिसणारी एक लांब ओळ विजेच्या दोन ओळींत मोडायची. जाळी जितकी चौरसाजवळ तितक्या पिना कमी. कोणतं बटण कुठल्या ओळीत आणि कॉलममध्ये गेलं याचा तक्ता करून ठेवा. फर्मवेअर (कंट्रोलरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) लिहिताना आणि बिघाड शोधताना (प्रश्न १७) तोच कामी येतो.

६. डायोड प्रत्येक बटणाला लागतोच का?

लागतोच. जाळीत आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर डायोड नसताना वीज उलट्या वाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यात पोचते आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतं. नेहमीचा वन-एन-४१४८ पुरतो. सगळ्यांची दिशा एकच ठेवा. 'कॉलम ते रो' पद्धतीत काळी पट्टी ओळीच्या वायरीकडे येते.

७. कंट्रोलर कोणता घेऊ?

छोट्या कीबोर्डांसाठी वर्षानुवर्षं चालत आलेला प्रो मायक्रो इथे तोकडा पडतो. त्याच्या सहज वापरता येणाऱ्या पिना १८, म्हणजे ९ × ९, ८१ बटणं. मेमरीची अडचण वेगळीच (प्रश्न ८). आरपी-२०४० चिपवरच्या पिको बोर्डावर २६ पिना मोकळ्या मिळतात: १३ × १३, म्हणजे १६९ बटणं. आपल्या १५० ना २५ पिना पुरतात आणि दिव्यांसाठी एक उरते.

त्याहून मोठा बेत असेल किंवा वर नॉब आणि डिस्प्ले लावायचा असेल, तर एमसीपी-२३०१७ हा एक्सपांडर जोडा. दोन पिना घेतो आणि सोळा देतो. मात्र क्यूएमके या कीबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये त्यासाठी जाळी वाचण्याचा कोड स्वतः लिहावा लागतो. पहिलाच प्रकल्प असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

८. व्हायामध्ये (बटणांचे अर्थ पडद्यावरून बदलायचं साधन) मला चार लेअर हवे आहेत, पण फर्मवेअर कंपाइलच होत नाही. का?

जुना ८-बिट कंट्रोलर वापरत असाल तर हिशेब करून पाहा. व्हाया प्रत्येक बटणासाठी प्रत्येक लेअरला २ बाइट ठेवतं. १५० बटणं × ४ लेअर × २ = १२०० बाइट. एटीमेगा-३२यू४ या चिपमध्ये ईईप्रॉम (सेटिंग साठवायची मेमरी) १०२४ बाइटचं, आणि त्यातही मॅक्रो व इतर सेटिंगना जागा लागते. शिवाय जाळीतल्या रिकाम्या जागाही मोजल्या जातात: १२ × १३ असेल तर १५६ धरा.

दोन लेअर केले की बसतं. एवढ्या मोठ्या कीबोर्डाला दोन लेअर खरं तर पुरतात, कारण लेअर टाळायलाच तो बनवला. जास्तच हवे असतील तर आरपी-२०४० घ्या. तिथे ही माहिती फ्लॅशमध्ये जाते आणि ही चणचण उरत नाही.

९. प्लेट कशाची करू? मधे दबणार नाही ना?

दबते, आणि अवाढव्य कीबोर्डाची मुख्य डोकेदुखी हीच. दोन टोकांना टेकलेल्या पट्टीवर मध्यभागी जोर दिला तर वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं की त्याच जोराला आठपट वाक येतो. साठ बटणांच्या कीबोर्डात कडेच्या स्क्रूंवर जे निभावतं ते इथे निभावत नाही.

जाडी वाढवून हे सोडवता येत नाही. एमएक्स पद्धतीच्या स्विचला भोक १४ मिलिमीटर चौरस आणि प्लेट १.५ मिलिमीटर जाड लागते. त्याहून जाड प्लेटमध्ये स्विचची कानं खालच्या कडेला अडकतच नाहीत आणि कीकॅप (बटणाची टोपी) काढताना स्विचच हातात येतो. ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक कापून आणणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते.

म्हणून प्लेट १.५ मिलिमीटरचीच ठेवा आणि टेकू वाढवा: दर पाच-सहा युनिटला केसच्या तळापासून उभा केलेला एक स्टँडऑफ (छोटा खांब), तोही फक्त कडेला नाही, मधल्या ओळींमध्येसुद्धा. ही भोकं आखतानाच धरावी लागतात, कारण चार स्विचांच्या कोपऱ्यात मिळते ती जागा जेमतेम पाच मिलिमीटरची. एम-२ स्क्रू तिथे बसतो. एम-३चं भोक बसतं, पण त्याचं डोकं कीकॅपच्या किंवा स्विचच्या कडेला लागत नाही ना ते तपासा.

पोलाद की ॲल्युमिनियम? ५९० × १५५ मिलिमीटरच्या प्लेटमधून १५० भोकं वजा केली तर पोलादाची प्लेट सुमारे ७३० ग्रॅम भरते, ॲल्युमिनियमची २५०. पोलाद ताठ असतं आणि हा कीबोर्ड कुठे उचलून न्यायचा नसतोच, म्हणून मी पोलाद सांगतो. टेकू नीट दिलेत तर ॲल्युमिनियमही चालेल. पीसीबीच्याच मालाची, म्हणजे एफआर-४ची प्लेट टंकायला मऊ लागते, पण या लांबीला ती टेकूंशिवाय घेऊच नका.

१०. माझ्या प्रिंटरवर किंवा लेझर मशीनवर एवढी लांब वस्तू मावत नाही.

२२० मिलिमीटरच्या प्रिंटरवर केसचे तीन तुकडे करावे लागतात. सांधे खाचेत बसणारे करा आणि खालून धातूची पट्टी स्क्रूने जोडा. नुसत्या डिंकाचा सांधा प्रश्न ९ मधला वाक सहन करत नाही. प्लेटचे आणि केसचे सांधे एकाच रेषेत आणू नका.

लेझरने कापताना किरणाच्या जाडीएवढा माल जळून जातो आणि भोक आखल्यापेक्षा मोठं होतं. त्याच मालाच्या टाकाऊ तुकड्यावर १३.८, १३.९ आणि १४.० मिलिमीटरची भोकं कापून प्रत्येकात स्विच बसवून बघा. जो 'टक्' करून बसतो आणि उलटं धरून हलवल्यावर पडत नाही, तो आकडा घ्या.

११. स्टॅबिलायझर कोणत्या बटणांना?

स्टॅबिलायझर म्हणजे रुंद बटण तिरकं न होता खाली जावं म्हणून लावायची तार. दोन युनिट आणि त्याहून रुंद असलेल्या सगळ्यांना ती लागते. दोन युनिटच्या उभ्या बटणांनाही, जसं नंबरपॅडचं एंटर. स्पेसबार ६.२५ किंवा ७ युनिटचा घ्या. त्याच्या कीकॅप आणि तारा सहज मिळतात. दहा युनिटचा भव्य स्पेसबार कागदावर छान दिसतो, पण कीकॅप आणि तार दोन्ही स्वतः घडवावं लागेल. पीसीबी असेल तर स्क्रूने बसणारे स्टॅबिलायझर घ्या, हाताने वायरिंग असेल तर प्लेटमध्ये बसणारे.

१२. कीकॅपचा सेट दीडशे बटणांना पुरत नाही. काय करायचं?

चेरी, ओईएम, एसए अशा प्रोफाइलमध्ये प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो. सातव्या ओळीसाठी वेगळा आकार त्यात नसतो, म्हणून सर्वांत वरच्या ओळीचाच आकार पुन्हा वापरावा लागतो. डीएसए किंवा एक्सडीएमध्ये सगळ्या ओळी सारख्या, त्यामुळे कोणतीही कीकॅप कुठेही बसते. अक्षरांचा भाग चेरीत आणि जादा भाग डीएसएत असं मिश्रण बरं दिसतं, शिवाय कुठला भाग कुठे संपतो ते बोटालाही कळतं.

जादा बटणांना नावं हवीत तर पारदर्शक टोपणाच्या, आत कागद सरकवता येणाऱ्या कीकॅप घ्या. आदेश बदलला की कागद बदलायचा. दिसायला दुकानाच्या गल्ल्यावरच्या कीबोर्डासारख्या आहेत खऱ्या, पण दीडशे बटणांवर दिखाव्यापेक्षा वाचता येणं महत्त्वाचं.

१३. एफ-२४ पर्यंतची बटणं वापरून संपली. पुढे कोणते कोड देऊ? आणि क्ष, ज्ञ यांना स्वतंत्र बटण करता येईल का?

यूएसबीच्या प्रमाणात फंक्शन बटणं एफ-२४ला थांबतात. एफ-१३ ते एफ-२४ ही बारा बटणं सहसा कुठलाही प्रोग्रॅम वापरत नाही, म्हणून ती तुमची. प्रत्येकासोबत कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि विंडोज या चारांच्या १६ जोडण्या (काहीच न दाबण्यासह) धरल्या तर १९२ वेगवेगळे आदेश होतात. क्यूएमके अशी जोडणी एका बटणावर ठेवू देतं.

काही ठिकाणी अपवाद आहेत. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत एफ-१३ ते एफ-१८ ना आधीच 'टूल्स', 'लाँच' अशी कामं लावलेली असतात आणि एफ-२० माइक बंद करतं. एफ-१३ दाबून सेटिंगची खिडकी उघडली तर घाबरू नका, तुमचा कीबोर्ड बरोबर आहे. मॅकवर एफ-१४ आणि एफ-१५ पडद्याचा उजेड कमी-जास्त करतात. ते शॉर्टकट सेटिंगमधून काढता येतात.

क्ष आणि ज्ञ: कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. अक्षर ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाणित मांडणी) चालू असेल तर शिफ्ट-७ ला क्ष, शिफ्ट-५ ला ज्ञ, शिफ्ट-६ ला त्र आणि शिफ्ट-८ ला श्र येतं. तेच कोड एकेका बटणावर ठेवले की काम झालं. युनिकोड थेट पाठवायची सोय क्यूएमकेमध्ये आहे, पण विंडोज, लिनक्स आणि मॅक तिघांची पद्धत वेगळी, आणि क्ष म्हणजे क, हलंत आणि ष अशी तीन चिन्हं एकामागून एक पाठवावी लागतात. इन्स्क्रिप्टची वाट सोपी.

१४. मला बटणंच मोठी हवी आहेत, तळहाताएवढी. नेहमीचे स्विच चालतील का?

दोन-अडीच युनिटपर्यंत चालतील. त्यापुढे कडेला दाबलं की कीकॅप तिरकी होऊन अडकते. खाली चार स्विच लावायचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. त्यात ४५ ग्रॅमचा स्विच असेल तर १८० ग्रॅम जोर लागतो आणि चारही एकाच क्षणी बसत नाहीत. त्यापेक्षा मध्ये एकच स्विच आणि चार कोपऱ्यांत सरळ घसरणारे दांडे करा.

खरोखर मोठा स्विचही मिळतो. नॉव्हेलकीज आणि कैल यांचा बिग स्विच प्रत्येक बाजूला चौपट, म्हणजे घनफळाने ६४ पट आहे. त्या मापात १०४ बटणांचा कीबोर्ड केला तर १.७१ मीटर रुंद होईल. चार-सहा बटणांचा पॅड करून बघा, मजा येते.

१५. सगळ्या बटणांखाली आरजीबी दिवे लावू का?

डब्ल्यूएस-२८१२बी दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ५० मिलीअँपिअर घेतो. दीडशेचे साडेसात अँपिअर. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात. फर्मवेअरमध्ये कमाल उजेडाला लगाम घाला, नाहीतर कीबोर्ड मधेच रीसेट होत राहील. विझलेले असतानाही या चिप थोडी वीज खातातच. तसंच पाच व्होल्टवर चालणारे हे दिवे साडेतीन व्होल्टच्या वरचा संकेत मागतात आणि आरपी-२०४० देतो ३.३. कधी चालतं, कधी नाही. मध्ये लेव्हल शिफ्टर (संकेताचे व्होल्ट वाढवणारी चिप) टाकून मोकळे व्हा.

१६. एका वेळी सहाच बटणं ओळखली जातात. डायोड तर सगळे आहेत.

ती मर्यादा जाळीची नाही, यूएसबीची आहे. जुन्या साध्या पद्धतीत कीबोर्ड एका वेळी सहा बटणं आणि आठ मॉडिफायर कळवतो. क्यूएमकेमध्ये एनकेआरओ (कितीही बटणं एकदम कळवायची पद्धत) चालू करा. चालू केल्यावर बायोसमध्ये बटणं चालेनाशी झाली, तर तेवढ्यापुरतं बंद करायचं एक बटण राखून ठेवा. तुमच्याकडे जागेची कमतरता नाही.

१७. जोडणी झाली, पण काही बटणं चुकीची चालतात. कुठून शोधू?

लक्षणावरून. एकही बटण चालत नसेल तर फर्मवेअरमधली डायोडची दिशा उलटी असणार. एक शब्द बदला, डायोड उपसू नका. एकच बटण बंद असेल तर त्याचा डायोड उलटा बसला आहे किंवा सॉकेटमध्ये जाताना स्विचची पिन दुमडली आहे. विजेची पूर्ण ओळ किंवा कॉलम बंद असेल तर ती वायर किंवा कंट्रोलरची पिन (इथे प्रश्न ५ मधला तक्ता उघडा, कारण दिसायला ही बटणं विखुरलेली असतील). एक दाबल्यावर दोन अक्षरं आली तर दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. तेच अक्षर दोनदा आलं तर डिबाउन्स (स्विचची थरथर थांबेपर्यंतचा थांबा) ५ मिलिसेकंदांवरून ८-१० वर न्या.

१८. टाके सगळे तपासले, मल्टिमीटरने शॉर्ट कुठेच दिसत नाही. तरी कधीकधी एका बटणासोबत त्याच कॉलममधलं पुढच्या ओळीतलं बटण दाबल्यासारखं होतं.

हा लांब कीबोर्डाचा खास आजार. निवडलेली ओळ सोडली की कॉलमची वायर पुन्हा ३.३ व्होल्टवर चढायला हवी. ती चढवणारा कंट्रोलरच्या आतला रेझिस्टर मोठा, पन्नास हजार ओहमच्या घरातला. वायर लांब असली की तिची कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) वाढते, चढायला काही मायक्रोसेकंद जास्त लागतात आणि तोवर कंट्रोलर पुढची ओळ वाचून मोकळा झालेला असतो. मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही.

क्यूएमकेमध्ये दोन ओळींमधला थांबा नेहमी ३० मायक्रोसेकंदांचा असतो. 'मॅट्रिक्स आयओ डिले' ही किंमत ६० किंवा १०० करून पाहा. १२ ओळींना १०० मायक्रोसेकंद म्हणजे एका फेरीला १.२ मिलिसेकंद, टंकताना जाणवणार नाही. थांबा वाढवायचा नसेल तर प्रत्येक कॉलमला बाहेरून दहा हजार ओहमचा पुल-अप रेझिस्टर लावा. आणि कॉलमच्या वायरी दिव्यांच्या डेटा वायरीला बांधून नेल्या असतील तर आधी त्या सुट्या करा. पुष्कळदा तेवढ्यानेच थांबतं.